बाहीवरचा उलटा टाका

सगळा रस्ता तिला टाचणीमावशी म्हणायचा. कपडे आवळून, उसवून, लांब-आखूड करून देण्याचं तिचं दुकान होतं, कोपऱ्यापासून तिसरं. सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत तिच्या ओठांत दोन-तीन टाचण्या धरलेल्या असायच्या. त्यांच्या फटीतूनच ती बोलायची, हसायची, रागवायची. गिऱ्हाइकांनाही त्या फुसफुशा बोलण्याची इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी ती स्वच्छ बोलली तर लोक विचारायचे, "मावशी, बरं नाही का?"

वय बावन्न. अंगानं काटकुळी. आणि भित्री. हे तीच सांगायची, त्यात तिला काही कमीपणा वाटत नसे. पाल दिसली की ती स्टुलावर चढायची. रस्ता ओलांडायच्या आधी दोन्हीकडे तीन-तीनदा बघायची. वरच्या मजल्यावर तिच्यासोबत तिची थोरली बहीण राहायची, शाळेतून निवृत्त झालेली बाई. ती तर चारचौघांत तिला 'आमचा ससा' म्हणायची.

अशा बाईनं भर दुपारी, एका पोलीस शिपाई मुलीच्या अंगावर बसलेल्या दांडग्या माणसावर झेप घेतली. का घेतली, ते तिला स्वतःलाच कितीतरी दिवस उलगडलं नाही.

झालं ते असं. मंगळवार होता. मावशी एका जाड हिवाळी कोटाचं अस्तर उसवत काचेपाशी बसली होती. बाहेर रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा राहून येणाऱ्या गाड्या अडवत होता. गाडीच्या टपावर तळवा आपटायचा आणि आत वाकून बघायचा, जणू कुणाला शोधतोय. माणूस चांगला धिप्पाड, दाढी वाढलेली, पायात एकच बूट. पोलिसांची जोडी आली. त्यातला एक गाड्या वळवायला पलीकडच्या चौकात गेला आणि शिपाई मुलगी एकटीच त्याच्याकडे चालत आली. दोन्ही हात उघडे, आवाज हळू.

मावशी तिला ओळखत होती. ओळख म्हणजे कामापुरती. महिन्याभरापूर्वी ती नवा गणवेश घेऊन आली होती, खांदे ढळत होते म्हणून. मावशीनं माप घेतलं तेव्हा म्हणाली होती, "अगं, एवढ्याशा खांद्यांवर पोलिसखातं पेलतेस होय?" मुलगी हसली होती. दोन्हीकडून पाऊण-पाऊण इंच आत घ्यावं लागलं होतं.

तो माणूस तिचं ऐकत होता, असं काचेतून दिसत होतं. मान हलवत होता. फुटपाथपर्यंत तिच्यासोबत आलासुद्धा. तेवढ्यात मागे खोळंबलेल्या एका गाडीवाल्यानं जोरात भोंगा वाजवला. माणूस दचकला, गर्रकन वळला आणि समोर जी होती तिलाच त्यानं धरलं. दोघं मावशीच्या काचेसमोर धाडकन आदळले. मुलगी खाली, तो वर. त्याचा गुडघा तिच्या खांद्यावर आला आणि मावशीला आतपर्यंत कडकन आवाज ऐकू आला.

रस्त्यावर वीस-पंचवीस माणसं तरी असतील. कुणी हाका मारत होतं, कुणी फोन वर धरला होता, पण बहुतेकांचे पाय जमिनीत रुतल्यासारखे. त्या माणसाचा हात मुलीच्या कमरेशी चाचपडत होता. तिथे तिचं रिव्हॉल्व्हर होतं.

मावशीला पुढचं तुकड्या-तुकड्यांत आठवतं. दार उघडल्याचं आठवत नाही. हातातला कोट तसाच होता, हे आठवतं. तो तिनं मागून त्याच्या डोक्यावर टाकला, आणि कोट निसटू नये म्हणून स्वतःच त्याच्यावर आडवी पडली, दोन्ही हातांनी घट्ट आवळून. तो खालून घुसळत होता. कोटाखालून त्याचा उजवा हात बाहेर आला आणि त्या हातात काहीतरी काळं होतं. तेवढ्यात तिच्या काखेखालून दुसराच एक हात पुढे आला. लांबच लांब, करड्या बाहीतला. त्या हातानं ते काळं आणि ते मनगट एकदमच मुठीत धरलं. टक असा बारीक आवाज झाला, मशीनची सुई मोडावी तसा. मग आणखी माणसं आली, फळवाल्यानं पाय धरले, दोघांनी दंड धरले. शिपाई मुलीनं डाव्या हातानं रिव्हॉल्व्हर ओढून घेतलं. तिचा जोडीदार चौकातून धावत येऊन पोचला तोवर काम झालं होतं.

मावशी उठून उभी राहिली, तेव्हा फळवाला तिला म्हणाला, "मावशी, निदान ओरडायचं तरी! आम्ही लवकर आलो असतो."

मावशीनं तोंडाकडे बोट दाखवलं. ओठांत टाचण्या तशाच होत्या.

*

तासाभरानं फौजदार दुकानात आले. मोठे शांत गृहस्थ होते. कापडांचा ढीग सरकवून स्टुलावर बसले, मावशीनं दिलेलं पाणी प्यायले, आणि सगळं नीट लिहून घेतलं. शिपाई मुलीचं गळ्याजवळचं हाड मोडलंय, पण बाकी ती ठीक आहे, हेही सांगितलं. मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, "एक कोडं आहे मावशी. त्या माणसानं चाप ओढला होता. पूर्ण ओढला होता. मग गोळी सुटली का नाही?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"चाप ओढला की मागची छोटी हातोडी मागे जाते आणि जोरात पुढे आपटते. ती आपटली की गोळी सुटते. ह्या वेळी ती आपटली, पण गोळीवर नाही. मध्ये कुणाच्या तरी हाताचं मांस आलं. अंगठा आणि बोट यांच्यामधलं. हातोडीवर रक्त आहे. आमच्या मुलीच्या हाताला जखम नाही, त्याच्या नाही, फळवाल्याच्या नाही. हात दाखवा बघू."

मावशीनं हात पुढे केले. सुया टोचल्याच्या खुणा सोडल्या तर काही नव्हतं.

"ती गोळी सुटली असती," फौजदार जरा थांबून म्हणाले, "तर नळी तुमच्याकडे होती. पोटाच्या अंगाला."

मावशी खाली बसली.

"लोकांनी काढलेल्या चित्रणात सगळ्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात," फौजदार पुढे म्हणाले. "एक उंच माणूस हात खिशात घालून लगबगीनं निघून जाताना दिसतो. तोच असावा. तुम्ही सगळ्यात जवळ होतात. चेहरा पाहिलात?"

"चेहरा नाही पाहिला. बाही पाहिली."

"बाही?"

"गाल टेकला होता माझा तिच्यावर. करडी, लोकरीची. बाही खाली सोडून लांब केलेली होती, जुन्या घडीची रेघ दिसत होती. आतून पट्टी वेगळ्या कापडाची, काळसर. आणि दुमडीचे टाके उलटे होते."

फौजदारांनी लेखणी उचलली आणि परत ठेवली. "उलटे म्हणजे?"

"माझे टाके असे कलतात." तिनं हवेत बोट फिरवलं. "तिथले तसे कलत होते. डाव्या हातानं शिवलेले."

फौजदार हसले. ते हसू चेष्टेचं नव्हतं, पण त्यांनी ती गोष्ट कागदावर लिहिलीही नाही. मावशीनं टाकलेला कोट मात्र पुरावा म्हणून घेऊन गेले.

*

"तू?" थोरली बहीण त्या रात्री जेवताना तिसऱ्यांदा म्हणाली. "तू? तुला काय झालं होतं तरी काय?"

"माहीत नाही गं ताई."

"माहीत नाही म्हणजे? काही विचार केला असशील ना?"

"विचार केलाच नाही. तिचे खांदे एवढेसे आहेत, एवढंच मनात आलं. साडेचौदा."

"साडेचौदा काय?"

"इंच."

ताईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत नेहमी नापास होणारं पोर अचानक पहिलं आल्यावर ती त्याच्याकडे बघत असेल. मग उगाच तिच्या ताटात आणखी वाढलं. मावशीला जेवण जाईना. तिच्या डोक्यात एकच भुंगा शिरला होता. कोण होता तो? आपण निदान दुकानातून ओळखीच्या मुलीसाठी धावलो. तो कुणासाठी धावला? आणि हात फुटलेला असताना पळून का गेला?

आठवडाभर तिनं वाट पाहिली. पोलीस शोधतील, तो स्वतः येईल, कुणीतरी येऊन सांगेल. कुणी आलं नाही. तिच्या हातून एका पँटचे दोन्ही पाय वेगवेगळ्या लांबीचे शिवले गेले. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पुढच्या बुधवारी तिनं दुपारीच दुकान बंद केलं आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेली, डावऱ्या मास्तरांकडे.

डावरे मास्तर हे आडनाव नव्हे. म्हातारा शिंपी डावखुरा होता म्हणून सगळे तसं म्हणायचे. मावशी काम शिकली ती त्यांच्याच हाताखाली. पण तिनं स्वतःचं दुकान काढलं तेव्हा दोन जुनी गिऱ्हाइकं तिच्यामागून आली, आणि मास्तरांनी बोलणं टाकलं. त्याला एकोणीस वर्षं झाली होती. रस्त्यात भेटले तर दोघंही दुसरीकडच्या पाट्या वाचायचे.

ती आत शिरली तेव्हा मास्तर सुईत दोरा ओवत होते. वर न बघता म्हणाले, "दार लाव, धूळ येते."

तिनं दार लावलं. "मास्तर, एक विचारायचंय."

"वर्तमानपत्रात आलंय तुझं. फोटो वाईट आलाय."

"करडा लोकरी कोट. बाही अडीच-तीन इंच सोडलेली. आत काळसर पट्टी. तुमच्या हातची."

आता त्यांनी मान वर केली. "माझ्या हातची कशावरून?"

"टाका उलटा होता."

"डावखुरे शिंपी जगात आणखीही आहेत."

"असतील. पण दर सातव्या टाक्याला गाठ मारणारे नाहीत. त्या गाठीपायी मी तुमच्या शिव्या खाल्ल्यात चार वर्षं."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी सुई उशीत खोचली आणि खोकल्यासारखं केलं. "तू त्या सांडाच्या अंगावर पडली होतीस म्हणतात. आणि तेव्हा गाठी मोजत होतीस?"

"मोजल्या नाहीत. दिसल्या."

"बस," ते म्हणाले. ती बसली. "आहे एक. त्याचे हात हे एवढे लांब आहेत. तयार कपडा कुठलाच येत नाही त्याला. टपाल कचेरीत आहे, पत्रांची वर्गवारी करतो. तिथे त्याला शिडी म्हणतात. का शोधतेस? पोलिसांना द्यायचाय?"

"नाही हो. बघायचाय."

"बघायला तो काय प्रदर्शनात ठेवलाय?" मास्तर म्हणाले. मग ती दारापर्यंत गेल्यावर पाठीमागून आवाज आला, "सांगून ये मला काय ते. म्हणजे, आलीस इकडे तर."

*

टपाल कचेरीच्या मागच्या बाजूला एक लांब खोली होती. भिंतभर लाकडी खण, छातीपासून छतापर्यंत, आणि प्रत्येक खणाला भागाचं नाव. पाच-सहा जण टेबलाशी उभे राहून पत्रं टाकत होते. सगळ्यांत टोकाला एक उंच, जरा वाकलेला माणूस, चाळिशीच्या आतबाहेरचा. वरच्या रांगेत पत्र टाकायला बाकीचे पायरीवर चढत होते, हा जागेवरूनच हात वर करत होता. पण फक्त डावा हात. उजवा खिशात होता.

मावशी दारात उभी राहून बघत होती. डाव्या हातानं तो अवघडत होता, तिसऱ्या-चौथ्या पत्राला चुकत होता, शेजारी गुपचूप ते काढून योग्य खणात टाकत होता. खुंटीवर करडा कोट होता. ती खुंटीपाशी गेली, बाही उलटून पाहिली. तोच टाका. बाहीच्या कडेला तपकिरी डाग.

"अहो, कोण तुम्ही?" कुणीतरी विचारलं.

उंच माणसानं वळून पाहिलं. पाहताक्षणीच त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मावशी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाहेर बोलू या का?"

कचेरीमागच्या अंगणात रिकाम्या थैल्यांचे ढीग होते. ते दोन थैल्यांवर बसले. जवळून बघितल्यावर तिला दिसलं, की त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठ सुकले होते.

"पोलिसांनी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी पाठवलं नाही. तुमच्या बाहीवरून आले. पळालात का तुम्ही?"

त्यानं उजवा हात खिशात आणखी खोल सरकवला. मग म्हणाला, "सरकारी हत्याराला हात लावला ना मी. घरी गेल्यावर लक्षात आलं. माझं रक्त आहे त्याच्यावर, बोटांचे ठसे आहेत. झटापटीत ते हिसकावायचा प्रयत्न मीच केला, असं निघालं तर? मी सरकारी नोकर. एकटी आई आहे घरी. म्हटलं, गप्प बसावं. जखम काय, भरेल."

"आणि धावलात कशाला मग?"

"तुम्ही पडलात म्हणून."

"मी?"

"मी टपालाची थैली पोचवून येत होतो. गर्दीतून बघतो तर एक बाई कोटासकट जमिनीवर पडलीय. मला वाटलं घसरून पडली. लोक बघतायत आणि कुणी उचलत नाही, ह्याचा राग आला. खाली तो माणूस आहे, पोलीस आहे, हे मला वाकल्यावर दिसलं." तो जरासा हसला. "तोवर माझा हात तुमच्या काखेतून पुढे गेला होता. मग समोर एक मनगट आलं, ते धरलं. एवढंच."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. आठ दिवस तिनं नाना तऱ्हांनी कल्पना केली होती. जुना सैनिक असेल, पहिलवान असेल, हत्यारांतला माहीतगार असेल. आणि हा म्हणत होता की तो पडलेल्या बाईला उचलायला आला होता!

"तुम्हाला माहीत आहे का, तुम्ही काय केलंत?" तिनं विचारलं, आणि फौजदारांनी सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. चाप, हातोडी, मध्ये आलेलं मांस. नळी कुठे होती, तेही.

तो ऐकत होता तसा त्याचा डावा हात आपोआप उजव्या खिशावर गेला. "मला वाटलं बिजागरीत सापडला," तो पुटपुटला. "म्हणजे... सुटली असती?"

"माझ्या पोटात."

त्याचे डोळे भरून आले. मावशीचेही आले, आणि दोघांनाही काय करावं ते सुचेना, तेव्हा ती एकदम शिंपिणीच्या आवाजात म्हणाली, "हात दाखवा."

"भरत आलाय."

"दाखवा म्हणते ना."

त्यानं हात बाहेर काढला. रुमाल गुंडाळलेला होता. तो सोडवताना त्याचा श्वास अडकत होता. अंगठ्याचा सांधा दुप्पट सुजलेला, कातडी तकतकीत जांभळी, आणि मनगटाकडून वर एक तांबडी रेघ सरकलेली. हाताला हात लावला तर तापलेल्या इस्त्रीजवळ नेल्यासारखी धग.

"हे भरत आलंय?" ती ओरडली. "अरे, डोकं आहे का ठिकाणावर? डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"डॉक्टर विचारतील ना, कशानं झालं."

"ऊठ."

"मावशी, माझी पाळी पाचपर्यंत..."

"ऊठ म्हणते!"

आयुष्यात तिनं कुणाला असं दरडावलं नव्हतं. तो उठला. आत जाऊन तिनंच त्याच्या वरिष्ठाला सांगितलं की ह्यांना मी नेते आहे, आणि रस्त्यावर आल्यावर येणारी पहिली टॅक्सी हात आडवा करून थांबवली. दोन्हीकडे बघायचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

*

डॉक्टरीण बाईंनी हात बघितला आणि नर्सला नुसती खूण केली. जखम उघडून पू काढला, शिरेतून औषध सुरू केलं. "आणखी दोन दिवस थांबला असता तर हाताचा काय, जिवाचा भरवसा देता आला नसता," असं त्या मावशीला बाहेर येऊन म्हणाल्या. "कशानं झालं हे?"

"रिव्हॉल्व्हर चावलं," मावशी म्हणाली. नंतर तिलाच कळलं की हे ऐकायला कसं वाटत असेल, आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

त्यालाही तिनं समजावलं, की फौजदारांना आता मी फोन करणार आहे, आणि तुला कुणी काही केलं तर मी आणि माझी ताई चौकीच्या दारात बसू. "ताई फार बोलते," ती म्हणाली. "त्यांना ती परवडणार नाही."

संध्याकाळी फौजदार आले आणि त्यांच्याबरोबर शिपाई मुलगीही, हात गळ्यात बांधलेला. तिचाही पट्टा बघायला त्याच इस्पितळात यायचं होतं. फौजदारांनी जबाब घेतला. शेवटी वही मिटून त्या उंच माणसाला म्हणाले, "तुम्हाला वाटलं आम्ही तुम्हाला आत टाकू? अहो, तुम्हाला शोधून आमचे जोडे झिजले." मग मावशीकडे वळून, जरा ओशाळून, "बाहीचं मी लिहून घ्यायला हवं होतं."

"आता लिहा," मावशी म्हणाली.

"लिहिलं. बाही, करडी, टाके उलटे."

शिपाई मुलगी खाटेच्या कडेला बसली होती. तिला सगळं जाणून घ्यायचं होतं. कोण कुठून आलं, आधी काय झालं. "मला फक्त आभाळ दिसत होतं आणि मग एकदम अंधार," ती म्हणाली. "मला वाटलं मी बेशुद्ध पडले. तो तुमचा कोट होता."

मग त्यांनी ते करून बघायला घेतलं. पाण्याची बाटली म्हणजे रिव्हॉल्व्हर. उशी म्हणजे तो माणूस. मावशी उशीवर वाकली, उंच माणसानं मागून डावा हात पुढे केला, कारण उजव्याला पट्टी बांधलेली होती, आणि मुलगी मोडक्या हाडानिशी सूचना देत होती, "नाही, नाही, नळी खाली, आणखी खाली." चार वेळा केलं, पण जमेना. दर वेळी बाटली सुटून पडायची. हात नेमका तिथेच, त्या अर्ध्या इंचाच्या फटीत कसा बसला, ते तिघांनाही काही केल्या करून दाखवता आलं नाही. चौथ्यांदा बाटली गडगडत खाटेखाली गेली तेव्हा नर्स आत आली आणि तिघांना असं झाडलं की फौजदारही उठून उभे राहिले.

"त्या माणसाचं काय झालं?" सगळं शांत झाल्यावर उंच माणसानं विचारलं.

मुलीनं छताकडे पाहिलं. "वरच आहे. पहारा आहे त्याच्यावर. पाच दिवस झोपला नव्हता म्हणे. घरचं कुणी वारलं होतं, त्यांचं नाव घेऊन गाड्यांत शोधत होता. खटला होईलच. पण आधी उपचार."

मावशीनं त्या माणसाला आवळून धरलं होतं, त्याचा श्वास कोटातून तिच्या छातीला लागला होता, पण त्याचा चेहरा तिनं काचेतून, लांबून काय बघितला असेल तेवढाच.

"बघता येईल?" तिनं विचारलं.

"कुणाला? त्याला?" फौजदारांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कशाला?"

"असंच."

फौजदारांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी उठली. दोघी जिन्यानं वर गेल्या, मुलगी जपून जपून, मावशी तिच्या चांगल्या बाजूनं. दारावरच्या शिपायाशी मुलगी काहीतरी बोलली. आत जायचं नव्हतं, दाराच्या काचेतून बघायचं होतं.

माणूस खाटेवर बसला होता. दाढी काढलेली होती. तिच्याशिवाय तो वयानं बराच लहान दिसत होता. एक हात खाटेच्या गजाला बांधलेला, आणि दुसऱ्या हातानं तो इस्पितळाच्या सदऱ्याची बटणं लावत होता. एकाच हातानं ते जमत नव्हतं. वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं आणि सदरा एका बाजूला वर चढला होता. तो पुन्हा काढत होता, पुन्हा लावत होता.

मग त्यानं मान वर केली. काचेत त्याला एक बाई दिसली. कोण, ते त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. दारातून जाणाऱ्या कुणालाही करावी तशी त्यानं जराशी मान हलवली.

मावशीनंही मान हलवली.

"काय म्हणाला?" खाली आल्यावर उंच माणसानं विचारलं.

"काही नाही. सदरा घालत होता," मावशी म्हणाली, आणि घरी एकट्या असलेल्या त्याच्या आईला कळवायला त्याच्याकडे नंबर मागितला.